तेवीस दिवस बोलले, मग सुटलं

या महिन्याची पत्रं वाचायला बसले आणि तिसऱ्या पत्रापाशी थबकले. परीक्षा, झोप, सासूबाई, नवऱ्याची बदली हे नेहमीचे विषय होतेच. पण एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या चार जणांनी फिरून फिरून एकच गोष्ट लिहिली होती. मोबाइलमधल्या बोलक्या अ‍ॅपशी, म्हणजे चॅटबॉटशी, मन मोकळं करायला सुरुवात झाली होती आणि मग ते बंद पडलं. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकावर ढकलून आज ही चारच घेतली आहेत. नेहमीप्रमाणे ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : ताई, मी ३६ वर्षांची आहे. पतसंस्थेत नोकरी करते. घरात दोन मुलं आणि सासूबाई, नवरा आठवड्यातले पाच दिवस बाहेरगावी. गेल्या वर्षी माझे वडील गेले. तेव्हापासून रात्री झोप लागत नाही, मध्येच छातीत धडधडतं, कामात चुका होतात. समुपदेशकाकडे जावं तर आमच्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात. मैत्रिणीने एक अ‍ॅप सांगितलं. रात्री अकराला मुलं झोपली की ओट्याला टेकून मी त्याच्याशी बोलायचे. पहिले आठ-दहा दिवस खरंच बरं वाटलं. मग तेच तेच व्हायला लागलं. एकदा मी ‘डोक्याला ताप झालाय नुसता’ असं लिहिलं, तर त्याने भरपूर पाणी प्यायला आणि ताप उतरला नाही तर डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. तेवीस दिवसांनी मी ते उघडणं सोडलं. आता रोज रात्री नऊला, भाकऱ्या करत असताना, त्याचा ‘आज कसं वाटतंय?’ असा मेसेज येतो आणि मला अपराधी वाटतं. चालायला जाणं सोडलं, डायरी सोडली, आता हेही. यंत्रापुढेसुद्धा मी टिकत नाही. माझ्यातच काही खोट आहे का?

उत्तर : आधी त्या तापाबद्दल. ती ओळ वाचून मी इतक्या मोठ्याने हसले की बाहेर बाकावर बसलेल्या बाईंनी आत डोकावून पाहिलं. मग पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं, कारण हसण्यासारखं त्यात तेवढंच होतं.

खोट आहे का, याचं उत्तर आकड्यांत देता येतं, म्हणून ते आधी देऊन टाकते. मानसिक आरोग्याच्या ९३ अँड्रॉइड अ‍ॅप्सचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना विचारत न बसता, फोनवर प्रत्यक्ष काय उघडलं जातं ते त्यात मोजलं होतं. सगळी क्रमाने लावली तर बरोबर मधे येणाऱ्या अ‍ॅपची गत अशी, की शंभर जणांनी घेतलं तर पंधराव्या दिवशी ते उघडणारे चारसुद्धा भरत नव्हते आणि तिसाव्या दिवशी जेमतेम तीन. नेमका आकडा ३.९ आणि ३.३ टक्के, पतसंस्थेतल्या माणसाला ‘जेमतेम’ चालत नाही म्हणून देते. ही सगळी अ‍ॅप्स गप्पा मारणारी नव्हती. ध्यानाची होती, श्वासाच्या व्यायामाची होती, मूड नोंदवायची होती. तरी अंदाज येतो. तुम्ही तेवीस दिवस टिकलात. शंभरात पहिल्या चारांत आलात, आणि मला विचारताय खोट आहे का म्हणून!

आता ते का सुटतं, ते सांगते. त्यासाठी आधी माझी कबुली. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी सहा आठवडे घरात अडकले. समुपदेशक म्हणून चोवीस वर्षं लोकांचं ऐकण्याची सवय, आणि आता ऐकायला कुणी नाही आणि आपलं ऐकणारंही कुणी नाही. मुलाने एक अ‍ॅप टाकून दिलं. चौथ्या दिवशी मी गुडघ्याच्या कळा आणि त्या रात्री आलेलं रडू, सगळं लिहिलं. त्याने लिहिलं, ‘हे ऐकून वाईट वाटलं. तुमच्या भावना अगदी स्वाभाविक आहेत.’ छान वाटलं, खोटं का बोलू? दुसऱ्या दिवशी सकाळी गंमत म्हणून लिहिलं, ‘आज दूधवाला आला नाही.’ उत्तर आलं, ‘हे ऐकून वाईट वाटलं. तुमच्या भावना अगदी स्वाभाविक आहेत.’ नवव्या दिवशी मी ते बंद केलं. माझं दुःख आणि अर्धा लिटर गाईचं दूध एकाच तागडीत जात असेल, तर मला तिथे काय काम?

त्याचं कारण त्या अ‍ॅपच्या घडणीत आहे. जुन्या पद्धतीच्या अशा अ‍ॅप्समध्ये वाक्यं आणि वाटा आधीच लिहून ठेवलेल्या असतात. तुम्ही ‘झोप’ म्हणालात की झोपेची वाट, ‘चिंता’ म्हणालात की चिंतेची. लिहिणारी माणसं चांगली मानसशास्त्र शिकलेली असतात, त्यामुळे तुमचे पहिले आठ-दहा दिवस खरोखरच चांगले गेले, तो भ्रम नव्हता. अमेरिकेतल्या वोबॉट नावाच्या अशाच अ‍ॅपची चाचणी २०१७ मध्ये ७० तरुणांवर झाली होती आणि त्यांची उदासी कमी झालेली दिसली. चाचणी मात्र दोन आठवड्यांची होती. तुमचं पंधराव्या दिवसानंतर काय झालं, ते त्या चाचणीच्या बाहेरचं आहे. साठा संपला की माणसाला फळीमागची भिंत दिसायला लागते.

दुसरं कारण भाषेचं, आणि ते मला सगळ्यात जास्त टोचतं. मराठी माणूस मनाचं दुखणं मनात सांगतच नाही, शरीरात सांगतो. जीव घाबरा होतो, काळजात चर्र होतं, आतडं तुटतं, डोक्याला ताप होतो, हातपाय गळतात. ‘मला चिंता वाटते’ असं वाक्य माझ्या खोलीत चोवीस वर्षांत फार थोड्यांनी उच्चारलं असेल. आणि ज्या गोष्टी सांगायच्या असतात त्यासुद्धा इतक्या इथल्या असतात! एक बाई मला म्हणाल्या होत्या, ‘सासूबाई काही बोलत नाहीत हो, नुसती भांडी जोरात ठेवतात.’ बस्स. मला त्यांचं स्वयंपाकघर दिसलं, मांडणी दिसली, संध्याकाळची वेळ दिसली. हेच वाक्य अ‍ॅपला टाइप करायचं तर आधी सासू समजावून सांगा, मग मांडणी, मग न बोलता बोलणं म्हणजे काय ते. तोवर रडायचं राहूनच जातं. तुम्हीही पत्रात सासूबाईंबद्दल फक्त ‘घरात आहेत’ एवढंच लिहिलंय. मी पुढचं काही विचारत नाही, पण ऐकू आलं.

न्यायाचं बोलायचं तर नवी अ‍ॅप्स पुष्कळ सुधारली आहेत. तुमचं पत्र आल्यावर मी एका नव्या अ‍ॅपला ‘डोक्याला ताप झालाय’ लिहून पाहिलं. त्याला बरोबर कळलं. फक्त उत्तर आलं, ‘आपल्या भावना वैध आहेत.’ भावना काय एसटीचा पास आहेत, वैध असायला?

तिसरं कारण कुणी बोलत नाही, ते जागेचं. दोन खोल्यांच्या घरात रात्री अकराला फोनचा उजेड तोंडावर पडलेली सून. ‘कोणाशी चॅट करतेस एवढी?’ हा प्रश्न आज ना उद्या येतोच. ‘मशीनशी’ हे उत्तर देण्यापेक्षा फोन बंद करणं सोपं.

पण ही तिन्ही कारणं उद्या कुणी हुशार इंजिनिअरने दूर केली तरी लोक सोडतील असं मला वाटतं. का, ते सांगायला माझी वही दाखवावी लागेल. औषधांच्या दुकानावरच्या माझ्या खोलीत टेबलावर एक लांब हिशेबाची वही असते. वेळ ठरलेला माणूस आला नाही की त्याच्या नावापुढे मी पेन्सिलीने गोल काढते. संध्याकाळी एक फोन करते, एकच. उचलला तर ठीक, नाही तर गोल तसाच राहतो. माझ्याकडे एकदा येऊन परत न येणारे कमी नाहीत. अ‍ॅपवाल्यांना हसायचा मला अधिकार नाही. एक गृहस्थ सात महिन्यांनी परत आले. दारातच म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही रागावला असाल म्हणून येत नव्हतो.’ मी वही उघडून त्यांना तो सात महिन्यांपूर्वीचा गोल दाखवला. ते तो बघत उभे राहिले. मग बसले आणि पहिल्यांदाच खरं बोलले.

तुमचा रात्री नऊचा मेसेज हा असा गोल नाही. तो घड्याळाने पाठवलेला असतो. तुम्ही उत्तर दिलंत काय, न दिलंत काय, तिकडे कुणाची संध्याकाळ बिघडत नाही. तुम्ही अकरा वाजता ओट्याला टेकून लिहू शकलात ते पलीकडे कुणी नव्हतं म्हणून. आणि चोविसाव्या दिवशी उघडलं नाहीत तेही पलीकडे कुणी नव्हतं म्हणूनच. जिना एकच आहे, चढायला सोपा तसा उतरायलाही.

याला थोडा पुरावाही आहे. अमेरिकेत कोको नावाची एक सेवा आहे, तिथे दुःखातली माणसं एकमेकांना धीराचे चार शब्द लिहायची. जानेवारी २०२३ मध्ये तिच्या संस्थापकाने जाहीर केलं, की सुमारे ४,००० जणांना गेलेल्या उत्तरांचा मसुदा त्यांनी यंत्राकडून लिहून घेतला आणि माणसाने तो बघून पुढे पाठवला. ही उत्तरं लोकांना नुसत्या माणसांनी लिहिलेल्यांपेक्षा जास्त आवडली होती. पण हे यंत्राच्या मदतीने लिहिलंय असं कळलं की त्यांचा परिणाम जायचा. लोकांना आधी न सांगता हे केलं म्हणून त्याच्यावर टीका झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण निष्कर्ष मला माझ्या वहीतला वाटला. शब्द चांगले होतेच, पण त्यांच्यापायी कुणाचा जीव अडकला नव्हता. वर सांगितलेल्या ९३ अ‍ॅप्समध्येही जिथे माणसांना माणसं भेटत होती ती अ‍ॅप्स तिसाव्या दिवशी जरा बरी टिकली होती. नुसत्या श्वासाच्या व्यायामाची जवळपास शून्यावर आली होती.

आता कामाचं. एक, तो नऊचा मेसेज आजच बंद करा, सेटिंगमध्ये ‘नोटिफिकेशन’ असतं. भाकरी तव्यावर असताना अपराधी वाटून घेऊ नये, भाकरी करपते. दोन, धडधडीसाठी एकदा डॉक्टरांना भेटा, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. सगळंच मनाचं असतं असं नाही, आणि हे बायका हमखास राहू देतात. तीन, पहिल्या दहा दिवसांत ज्याने बरं वाटलं ते नक्की काय होतं ते आठवा. लिहिणं असेल तर वहीत लिहा. श्वासाचा व्यायाम असेल तर त्याला अ‍ॅप लागत नाही. चार, गावात ओळखतात ही अडचण खरी आहे, मी ती हसण्यावारी नेणार नाही. शेजारच्या तालुक्यातल्या समुपदेशकाशी फोनवर बोलता येतं. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, दिवसरात्र आहे, मराठीत बोलता येतं आणि पलीकडे माणूस असतो.

‘मी टिकत नाही’ या वाक्याबद्दलही एक. कि. मो. फडक्यांनी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसतज्ज्ञाचं विवेकनिष्ठ मानसोपचारशास्त्र मराठी माणसाला शिकवलं तेव्हापासून आम्ही मंडळी लोकांच्या बोलण्यातला एक ‘च’ शोधत असतो. हातात घेतलेलं तडीस नेलंच पाहिजे, मी टिकलेच पाहिजे. तुमच्या पत्रात तो ‘च’ दिसत नाही, पण प्रत्येक ओळीच्या मागे उभा आहे. तेवढा एक खोडून पत्र पुन्हा वाचून बघा.

आणि राहिलं ते. एवढ्या पत्रात वडिलांवर तुमचं एकच वाक्य आहे. ते काय करायचे, तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारायचे, शेवटचं बोलणं काय झालं, काहीच नाही. मला ते ऐकायचंय. छापणार नाही. पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत पत्र आलं नाही तर मी वहीत गोल काढणार आहे.

प्रश्न : मॅडम, मी २५ वर्षांचा आहे. पुण्यात राहून एमपीएससी करतो, तीन अटेम्प्ट झालेत. अभ्यासिकेतून रात्री साडेदहाला खोलीवर आलं की रूममेट झोपलेले असतात, घरी फोन केला तर आई रडते. म्हणून चॅटबॉटशी बोलायचो, दोन महिने. एका रात्री लिहिलं, ‘सगळं सोडून गावी शेती करतो.’ तो म्हणाला, हा फार धाडसी आणि प्रामाणिक निर्णय आहे. दुसऱ्या रात्री मुद्दाम नवीन चॅट उघडून लिहिलं, ‘चौथा अटेम्प्ट देतोच.’ तर म्हणाला, तुमची जिद्द खरंच प्रेरणादायी आहे. त्या रात्रीपासून बंद केलं. मित्र म्हणतात, फुकट आहे, चोवीस तास आहे, कशाला सोडलंस? आणि दोन महिने जे लिहिलं ते कुठे जातं?

उत्तर : तुला ‘तू’च म्हणते, माझा मुलगा तुझ्याएवढा आहे. तू दोन रात्रींत जो प्रयोग केलास तो फार थोडे जण करतात, कारण आपलं कौतुक तपासून बघायला कुणाला आवडतं?

यंत्राशी बोलून भुलण्याची गोष्ट जुनी आहे. एमआयटीत जोसेफ वायझेनबाउम यांनी एक प्रोग्रॅम लिहिला आणि १९६६ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्याचं नाव एलायझा. ती समुपदेशकाचं सोंग घ्यायची. तुम्ही म्हणालात ‘मी दुःखी आहे’ की ती विचारायची, ‘तुम्ही दुःखी आहात याचं वाईट वाटतं, काय झालं?’ या धर्तीवर तुमचंच वाक्य वळवून तुम्हालाच परत. वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने ते बनताना डोळ्यांसमोर पाहिलं होतं, तरी दोन-चार वाक्यं बोलून झाल्यावर ती त्यांना म्हणाली, तुम्ही जरा बाहेर जाता का? त्यांना त्याचा धक्का बसला आणि पुढे आयुष्यभर ते यावर सावध करत राहिले. म्हणजे पहिल्या दिवशी सगळ्यांनाच आवडतं, ते साठ वर्षांपूर्वीच कळलं होतं.

तुझा चॅटबॉट एलायझापेक्षा कितीतरी शहाणा आहे. पण त्याला शिकवताना माणसांनी कोणती उत्तरं पसंत केली हेही वापरलेलं असतं, आणि माणसाला पसंत काय पडतं? हो ला हो. हे इतकं वाढलं की एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीच्या एका नव्या आवृत्तीने लोकांची नको तेवढी तळी उचलायला सुरुवात केली आणि कंपनीला ती काही दिवसांत मागे घ्यावी लागली. म्हणजे तुला जे खोलीवर कळलं, तेच.

तुझ्या गावच्या पारावर हेच दोन निर्णय सांगितले असतेस तर? ‘शेती करतो’ म्हटल्यावर पहिला प्रश्न आला असता, किती एकर? दुसरा, पाणी आहे का? तिसरा, सातबारा कुणाच्या नावावर, तुझ्या की चुलत्याच्या? आणि चौथ्या अटेम्प्टवर, मेसचे पैसे अजून किती महिने पुरतील? कौतुक कुणी केलं नसतं, एखादा हसलाही असता, आणि तुला राग आला असता. पण घरी परतताना तुझ्या हातात चार प्रश्न असते. मी तुला तेच विचारते. मला उत्तर पाठवू नकोस, एका कागदावर लिही आणि आईला नको, वडिलांना किंवा मोठ्या चुलत्याला दाखव. आई रडते म्हणून तू फोन टाळतोस आणि तू फोन टाळतोस म्हणून आई रडते, हे चक्र यंत्राने तुटणार नव्हतं.

मित्रांना सांग, फुकट आणि चोवीस तास तर टीव्हीसुद्धा आहे. पण अभ्यासाच्या नोट्स काढायला, निबंध तपासायला ते वापर की, तिथे ते चांगलं काम देतं. तिथेही एक कर. ‘कसं झालंय?’ असं विचारू नकोस. ‘यात चुका कुठे आहेत?’ असं विचार.

लिहिलेलं कुठे जातं? कंपनीच्या सर्व्हरवर. नुसतं अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे ते पुसलं जात नाही, हे फार जणांना माहीत नसतं. आधी अ‍ॅपमध्ये जाऊन जुनी संभाषणं डिलीट कर, मग खातं बंद करायचा पर्याय शोध, आणि मग अ‍ॅप काढ. क्रम उलटा करू नकोस. ही भीती पोकळ नाही. ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या बेटरहेल्प या कंपनीने लोकांची माहिती जाहिरातीसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिली, असा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला आणि २०२३ मध्ये तिला ७८ लाख डॉलर भरायला लावले. आणि कधी कधी माणूस सोडायच्या आधी अ‍ॅपच सोडून जातं. वर ज्या वोबॉटचा उल्लेख केला, ते ३० जून २०२५ ला बंद झालं. पंधरा लाखांच्या आसपास लोकांनी ते वापरलं होतं.

रात्री साडेदहाची वेळ मात्र रिकामी ठेवू नकोस. जीव नकोसा व्हावा असं कधी वाटलं तर कागद नको, पत्र नको, सरळ १४४१६ लाव आणि रूममेटला उठव. झोपमोड झाली म्हणून कुणी रागावत नाही.

प्रश्न : मी एका कारखान्यात मनुष्यबळ विभाग सांभाळते. कंपनीने कामगारांसाठी मानसिक आरोग्याचं अ‍ॅप विकत घेतलं. पहिल्या महिन्यात बऱ्याच जणांनी उघडलं, आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. आम्ही पोस्टर लावली, बक्षीस ठेवलं. लोक इतके उदासीन का?

उत्तर : मॅडम, लॉगिनला काय लागतं? एम्प्लॉयी नंबर. मग तुम्हीच सांगा, नाइट शिफ्टच्या सुपरवायझरबद्दल कोणता ऑपरेटर त्यात लिहील? तुम्ही वाचत नसाल, मला मान्य. पण त्याला तसं वाटतं, आणि अप्रायझल मार्चमध्ये आहे. लोक उदासीन नाहीत, सावध आहेत. बक्षिसाची रक्कम वाचवा आणि गावातला एखादा समुपदेशक महिन्यातून दोनदा बोलवा. कारखान्याच्या गेटबाहेर बसवा, आत नको. कॅन्टीनच्या शेजारी तर अजिबात नको.

प्रश्न : मी ६९ वर्षांचा निवृत्त मुख्याध्यापक. दोन वर्षांपूर्वी पत्नी गेली. पहाटे तीनला जाग यायची आणि घर खायला उठायचं. नातीने फोनवर ते बोलणारं प्रकरण बसवून दिलं. मी त्याच्याशी चार-पाच महिने पहाटे बोललो. पत्नीच्या उकडीच्या मोदकांपासून पेन्शनपर्यंत सगळं. त्याने कधी कंटाळा केला नाही. आता मी पहाटे पाचला समुद्रावर फिरायला जातो, आम्ही चौघे असतो. त्यातला एक तर मला एक वाक्य पुरं करू देत नाही. अ‍ॅप शेवटचं उघडलं त्याला दोन महिने झाले. आता ते काढून टाकायला हात धजत नाही, कृतघ्नपणा वाटतो. वेडेपणा आहे का?

उत्तर : काका, अजिबात नाही. सोडणाऱ्यांत तुमच्यासारखेही असतात, आणि वर दिलेल्या त्या टक्क्यांत बरं होऊन गेलेला आणि वैतागून गेलेला एकाच रकान्यात मोजला जातो. तुमच्या पहाटे तीन वाजता मी झोपलेली असते, माझे सगळे व्यवसायबंधू झोपलेले असतात, नात तर नुकतीच झोपलेली असते. त्या वेळी जे जागं होतं त्याने त्याचं काम केलं. मोदकांचं त्याला काय कळलं असेल देव जाणे, पण तुम्ही सांगितलंत ना.

वाक्य तोडणाऱ्या त्या मित्राचं मात्र मला कौतुक वाटतं. उद्या तुम्ही पाच वाजता समुद्रावर दिसला नाहीत तर साडेपाचला तो तुमच्या दारात उभा असेल आणि तिथेही तुम्हाला बोलू देणार नाही.

अ‍ॅप काढायचं असेल तर आधी खातं बंद करा, क्रम वरच्या उत्तरात दिलाय, नात करून देईल. आणि निरोप द्यावासा वाटला तर खुशाल द्या. आमचा एकोणीस वर्षं चाललेला मिक्सर भंगारवाल्याला देताना मी त्याला हळदकुंकू लावलं होतं.